घराण्याची माती हातात घेताना: वारशाने आलेलं मातीकाम पुढे नेण्याचा क्रम

"झिलईत राख किती घालायची?" असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाटीला तीन मुठी." झिलई म्हणजे भांड्यावर लावून भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. मी तीन मुठी घातल्या. सलग तीन वर्षं माझी झिलई कोरडी, खरखरीत यायची आणि त्यांची मात्र मधासारखी ओघळायची. राख तीच, माती तीच, भट्टीही तीच. चौथ्या वर्षी मी तराजू मांडला आणि त्यांच्या दहा मुठी एकेक करून मोजल्या. ५८ ते ६६ ग्रॅम भरल्या. मग माझ्या मोजल्या, त्या ४१ ते ४७ भरल्या. माझा हात लहान आहे, एवढंच कारण. राखेतला चुना झिलई वितळायला मदत करतो आणि मी दर खेपेला जवळजवळ तीस टक्के राख कमी घालत होते.

घरात पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरतंय आणि आता ते आपल्याकडे आलंय किंवा येणार आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. आपल्याला जे मिळतं ते बहुतेक वेळा मोठ्यांच्या हातात, डोळ्यांत आणि कानांत साठलेलं असतं. ते हात थकण्याआधी मोजून, लिहून घ्यावं. बदल करायचे ते त्यानंतर. मी आधी बदल करायला गेले आणि मोजायला उशिरा बसले, म्हणून हा क्रम तळमळीने सांगते आहे.

पायरी १: पहिलं वर्ष टिपणाचं

या वर्षात नवीन काही घडवू नका असं मी म्हणणार नाही, तसं राहवतही नाही. पण रोजच्या कामातला निम्मा वेळ पाहण्यात घाला.

मोबाइलवर चित्रण करताना चेहरा घेऊ नका. कॅमेरा त्यांच्या खांद्यामागून, त्यांना दिसतं तसं दिसेल असा लावा. आवाज बंद करू नका. ओल्या मातीवर बोट फिरतं तेव्हाचा आवाज, चाकाचा वेग, थापीचा ठोका यांत पुष्कळ माहिती असते. दहा मिनिटांचं एक सलग चित्रण हे चाळीस तुकड्यांपेक्षा जास्त कामाचं, कारण मधल्या थांबण्यातही काहीतरी चाललेलं असतं.

"तुम्हाला कसं कळतं?" हा प्रश्न विचारू नका. याला उत्तर मिळत नाही, आणि दोनदा विचारलं की मोठी माणसं अवघडतात. त्याऐवजी मातीचे दोन गोळे पुढे ठेवा, एक थोडा ओला, एक थोडा घट्ट, आणि विचारा, "यातला कुठला घेऊ?" किंवा त्यांच्यासमोर मुद्दाम जरा चुकीचं करा. "अगं थांब, नको" असं ज्या क्षणी तोंडातून निघेल तो क्षण वहीत लिहा. शब्दही तसेच लिहा. आमच्याकडे बाबा म्हणतात, "माती दमली." पुष्कळ पाणी लावत फार वेळ चाकावर ठेवली की भिंत पाणी पिते आणि उभी राहत नाही, असा त्याचा अर्थ. मी घड्याळ लावून पाहिलं तर आमच्या मातीचा हा दम एका मध्यम वाडग्याला साधारण चार मिनिटांचा निघाला. आता शिकणाऱ्याला मला आकडा सांगता येतो आणि शब्दही सांगता येतो. दोन्ही लागतात.

आता या पायरीतलं सगळ्यात मोलाचं काम. नेहमीच्या घाटाची दहा भांडी त्यांच्याकडून घडवून घ्या, चाकावर ठेवण्याआधी प्रत्येक गोळ्याचं वजन करा आणि त्यातलं एक भांडं ओलं असतानाच तारेने उभं चिरा. बुडापासून काठापर्यंत भिंत कुठे किती जाड आहे ते मोजपट्टीने मोजून कागदावर काढा. बाहेरून पाहून ही जाडी कधीच कळत नाही. मी पंधरा वर्षं ज्या मडक्याची नक्कल करत होते त्याचं बूड माझ्या समजुतीपेक्षा निम्मं पातळ होतं आणि सगळं बळ काठाखालच्या दोन बोटांत ठेवलेलं होतं. चिरताना बाबांनी मान वळवली होती. त्यांना ते बघवत नव्हतं, पण नाही म्हणाले नाहीत.

फुटकी भांडी टाकू नका. एक पेटी फक्त खापरांसाठी ठेवा. जुन्या खापराच्या काठावर मातीचा रंग, भाजणीची खोली, झिलईचा थर हे सगळं उघडं दिसतं.

पायरी २: मातीची ओळख नव्याने करून घ्या

माती बदलते. खाण तीच असली तरी थर बदलतो. विकत आणत असाल तर पुरवठा बदलतो. म्हणून आजची माती कशी वागते हे लिहून ठेवलं नाही तर उद्या बिघडलं काय ते शोधता येत नाही.

आधी वळण पाहा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले नाहीत तर माती चाकाला चालेल, बारीक भेगा पडल्या तर अजून मुरवायला हवी, तुटलीच तर त्यात जास्त चिकण माती मिसळावी लागेल.

मग आकसणं. मातीच्या पाच-सहा पट्ट्या करा, प्रत्येकीवर ओली असताना बरोबर १०० मिलिमीटरची रेघ कोरा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. भाजल्यावर रेघ ८८ भरली तर एकूण आकसणं १२ टक्के. याचा उपयोग लगेच होतो. आजोबांचा ३० सेंटिमीटर उंचीचा रांजण तसाच्या तसा करायचा असेल तर ३० ला ०.८८ ने भागायचं. ओला रांजण ३४ सेंटिमीटरच्या किंचित वर हवा.

तिसरी चाचणी पाणी शोषण्याची. भाजलेला, झिलई नसलेला तुकडा पूर्ण कोरडा करून त्याचं वजन घ्या. पाच तास उकळत्या पाण्यात ठेवा, मग त्याच पाण्यात एक दिवस-रात्र राहू द्या, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. १५० ग्रॅमचा तुकडा १५६ झाला तर शोषण ४ टक्के. पाणी गार करणाऱ्या मडक्याला भरपूर शोषण हवंच, त्यावरच त्याचं काम चालतं. जेवणाच्या स्टोनवेअर (जास्त आचेवर घट्ट भाजलेल्या) भांड्यांना मात्र ते २-३ टक्क्यांच्या आत असावं, नाहीतर झिलईला बारीक चीर पडली की बुडातून ओल येते आणि भांडं वास धरतं.

चुनखडीची चाचणी मी अनुभवातून शिकले. एका वर्षी आम्ही नेहमीच्या जागेपासून थोडं बाजूला खणलं. माती हाताला उत्तम होती. भट्टीतून वाडगे सुरेख निघाले. आठवड्याभरात त्यांच्यावर नखाएवढे टवके उडायला लागले आणि प्रत्येक टवक्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. चुनखडीचा कण भाजला की त्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि भांड्याचा पापुद्रा उडवतो. हे टाळायला कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर माती पातळ कालवून ६० नंबरच्या (इंचाला ६० छिद्रांच्या) चाळणीतून गाळा. फार बारीक वाटून मातीत मिसळलेला चुना त्रास देत नाही, त्रास देतात ते खडे.

पायरी ३: डोळ्याने पाहिलेली आग आकड्यांत आणा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण घराण्याची भांडी बहुतेक इथेच बिघडतात. चाक शिकायला सगळे बसतात, भट्टीजवळ रात्र काढायला कोणी नसतं.

भट्टीतला रंग उष्णता सांगतो. काळोखात जेमतेम दिसणारा गडद लाल म्हणजे ६०० अंशांच्या आसपास, चेरीसारखा लाल ८०० च्या जवळ, नारिंगी १००० च्या आसपास, पिवळा ११०० च्या पुढे आणि पांढुरका १२५० च्याही वर. हे सगळं ढोबळ आहे, बाहेर ऊन असलं तर डोळा फसतो.

कोन वापरायला लागा, म्हणजे ठरावीक उष्णतेला मऊ होऊन वाकणारे छोटे सुळके. ठरलेल्या मिश्रणाच्या या छोट्या सुळक्यांची पद्धतशीर मालिका हर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिनला तयार केली. आज बहुतेक ठिकाणी वापरले जातात ते एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेले. कोन ०४ साधारण १०६० अंशांना वाकतो, कोन ६ साधारण १२२० ला, कोन १० साधारण १२८५ ला. आकड्याआधीचा शून्य नीट वाचा. ०४ आणि ४ यांत शंभरावर अंशांचं अंतर आहे आणि ही चूक अख्खी भट्टी घालवते.

कोनाचं मोठेपण असं की तो नुसतं तापमान मोजत नाही, उष्णतेने मातीवर किती काम केलं ते मोजतो. भट्टी हळू तापवली तर तोच कोन कमी तापमानाला वाकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं एका प्रयोगातून. सलग सहा भट्ट्यांना मी पायरोमीटर (भट्टीचं तापमान दाखवणारं यंत्र) लावला, आत झरोक्यासमोर कोन ८ ठेवला आणि बाबांना दोन्ही पाहू दिलं नाही. ते नेहमीप्रमाणे झरोक्यातून ज्वाळेकडे पाहत, लोखंडी सळीने एक झिलईचं कडं बाहेर काढत, फुंकर घालून नखाने टिचकी मारत आणि म्हणत, "पुरे." मी त्या क्षणी तापमान लिहायची. सहा वेळचे आकडे १२३५ पासून १२५२ पर्यंत पसरलेले. मला वाटलं, वय झालं, नजर पूर्वीची राहिली नाही. भट्ट्या उघडल्यावर सहाही कोन ओळीने मांडले. सगळे जवळजवळ सारखे वाकलेले. ज्या रात्री लाकूड ओलं होतं आणि भट्टी रेंगाळली त्या रात्री ते कमी तापमानाला थांबले होते. त्यांचा डोळा पायरोमीटरपेक्षा खरा होता, तो कोनाइतका खरा होता. त्या दिवसापासून आमच्या भट्टीची वेळ कोनावर ठरते. बाबा नसले तरी त्यांचं "पुरे" आता कोणालाही वाचता येतं.

तुम्हीही हेच करा. किमान पाच-सहा भट्ट्या मोठ्यांच्या नजरेने आणि कोनाने एकदमच चालवा. वहीत दर अर्ध्या तासाला तापमान, इंधन किती घातलं, धुराड्याची झडप किती उघडी, वारा-पाऊस कसा आणि ते काय म्हणाले, हे लिहा.

काही टप्पे कोणत्याही भट्टीत सावकाश ओलांडायचे असतात. १०० अंशांच्या आसपास घाई केली तर भिंतीतलं पाणी वाफ होऊन भांडं फोडतं. म्हणून १२० पर्यंत अगदी हलकी आच, जाड भांडी असतील तर रात्रभर. ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या रेणूंतलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि माती कायमची बदलते, ती पुन्हा भिजत नाही. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ (गारेचं खनिज) एकदम फुगतो, निवताना तिथेच आकसतो. निवतानाच्या तड्यांना हेच कारण बहुतेक वेळा असतं. त्यांच्या कडा धारदार असतात. चढतानाच्या तड्याच्या कडा झिलई वितळल्याने गोलसर होतात. ही खूण ओळखता आली की चूक कुठे झाली ते कळतं. भट्टी १०० च्या खाली आल्याशिवाय उघडू नका. सगळ्यांनाच घाई असते, मलाही असते.

पायरी ४: झिलई

मुठी, वाट्या, चिमट्या जे काही माप असेल ते दहा-दहा वेळा मोजून त्याची सरासरी काढा आणि कृती कोरड्या वजनाच्या टक्क्यांत लिहा. राख असेल तर कुठल्या झाडाची, चाळलेली की नाही, धुतलेली की नाही हे लिहायलाच हवं. राख भिजवलेलं पाणी दाहक असतं, हातमोजे घाला.

मूळ कृती आकड्यात उतरली की एकच घटक बदलत जा. एका बाजूला मूळ झिलई, दुसऱ्या बाजूला तीच झिलई पण राख वाढवलेली. १०० आणि ०, ९० आणि १०, असं करत ० आणि १०० पर्यंत ११ नमुने करा. प्रत्येक नमुन्याच्या मागे लोखंडाच्या ऑक्साइडने नंबर लिहा, कारण पेन्सिल भाजल्यावर उरत नाही. या अकरांतले दोन-तीन तरी असे निघतात की जे घराण्यात कोणी पाहिलेले नसतात, तरी त्याच राखेचे, त्याच मातीचे असतात. माझं आजचं बरंचसं काम अशाच एका ओळीतल्या सातव्या नमुन्यातून आलंय.

आता एक गोष्ट कळकळीने. जुन्या, कमी तापमानाला वितळणाऱ्या झिलयांमध्ये अनेक ठिकाणी शिसं असायचं. आजीची कृती आहे म्हणून ती जेवणाच्या, पाण्याच्या भांड्यावर वापरू नका, ती कितीही चमकदार येत असली तरी. आणि शिशाची झिलई कालवणाऱ्याच्या, भाजणाऱ्याच्या शरीरातही शिसं जातं. खाण्याच्या भांड्यांचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. ४ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवून किती शिसं आणि कॅडमियम उतरलं ते तिथे मोजतात. घरी लिंबाची फोड रात्रभर ठेवून झिलईचा रंग उडतो का हे पाहता येतं, पण रंग टिकला म्हणजे शिसं नाही, असं त्यातून ठरत नाही.

धुळीचंही तसंच. माती आणि झिलईच्या कोरड्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि तिचा आजार बरा होत नाही. कोरडा झाडू बंद करा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडं कालवताना बारीक धूळ अडवणारा चांगला मुखपट लावा. आमच्या घरात दोन माणसांचा खोकला "भट्टीचा" म्हणून सोडून दिला गेला होता. झाडू बंद करण्यावरून माझं बाबांशी जेवढं भांडण झालं तेवढं कशावरूनही झालं नाही, आणि त्या भांडणाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पायरी ५: घाट आणि आपला हात

घराण्यातला एकच घाट निवडा. तो शंभर वेळा करा. वजन तेच, उंची तीच, कैवाराने (मापाच्या कंपासने) काठाची रुंदी तपासत. पहिल्या तीसांत हात अडखळतो, साठच्या पुढे कंटाळा येतो, आणि ऐंशीच्या आसपास त्या घाटातली एखादी रेघ आपोआप आपल्या अंगाने वळायला लागते. ती रेघ पकडा. पुढच्या भांड्यांत फक्त तीच बदला. घाट, माती, झिलई, आग हे चारही एकदम बदलले तर काय जमलं आणि का जमलं, काहीच कळत नाही.

घराण्यात बदल म्हणजे द्रोह, असं कोणी म्हणालं तर दोन उदाहरणं हाताशी असू द्या. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी जपानी कुंभार शोजी हामादा यांच्यासोबत १९२० मध्ये इंग्लंडातल्या सेंट आइव्ह्‌जला कार्यशाळा काढली. त्यांचा मुलगा डेव्हिड १९३० च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटला कारखानदारी पद्धतीचं तंत्र शिकायला गेला, आणि परत येऊन त्याने वडिलांची लाकडाची भट्टी तेलावर आणली. कार्यशाळा त्यानंतरही टिकली. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सान इल्देफोन्सो पुएब्लो या मूलनिवासींच्या गावच्या मारिया मार्टिनेझ यांचं. त्यांनी आणि त्यांचे पती हुलियान यांनी शंभर वर्षांपूर्वी काळ्यावर काळं नक्षीकाम बसवलं: घोटून चकाकणाऱ्या अंगावर निस्तेज रेघा, आणि शेवटी जळती भट्टी शेणाच्या भुकटीने दाबून धूर मातीत मुरवायचा. घडवण्याची, घोटण्याची रीत जुनी, दिसणं नवं.

पायरी ६: भांड्याच्या बुडावर कोणाचं नाव

हे लवकर ठरवा, घरात बसून, सगळ्यांसमोर. मारिया मार्टिनेझ यांच्या भांड्यांच्या बुडावर कधी त्यांचं आणि हुलियानचं, नंतर सून सान्तानाचं, त्यानंतर मुलगा पोपोवीचं नाव त्यांच्या नावाशेजारी येत गेलं. कोणी घडवलं, कोणी रंगवलं याचा माग त्या सह्यांवरून आजही लागतो. आमच्याकडे माती मळणं, घोटणं, भट्टी भरणं ही निम्मी कामं आई आणि काकू करायच्या आणि बुडावर फक्त आजोबांचा ठसा उमटायचा. आता ठसा घराण्याचा एकच आहे, शेजारी घडवणाऱ्याचं अक्षर असतं आणि झिलई दुसऱ्याची असेल तर त्याचंही. मोठ्यांच्या जुन्या, बिनसहीच्या भांड्यांवर आपला ठसा कधीही मारू नका. त्यांच्या मागे मऊ पेन्सिलीने माहिती लिहून, फोटो काढून वहीत नोंदवा.

झिलईची कृती कोणाची, भावंडांपैकी कोणी ती बाहेर सांगावी का, वर्गात शिकवावी का, हेही तेव्हाच बोलून घ्या. मोठं माणूस गेल्यावर हे बोलणं फार कठीण होतं.

पायरी ७: पुढच्यांसाठी माती

जपानमधल्या क्योतोचं राकू हे कुंभारांचं घराणं सोळाव्या शतकातल्या चोजिरोपासून चालत आलंय आणि आज त्यांची सोळावी पिढी काम करते आहे. त्यांच्याकडे एक पिढी माती जमवते आणि ती पुढच्या पिढ्यांच्या हाती येते. एवढा पल्ला आपला नसला तरी एक पिंप भरता येतं.

दरवर्षी चांगल्या थरातली थोडी जास्त माती काढा, गाळा, ओलसर ठेवून झाकणाच्या पिंपात भरा. माती जितकी मुरते तितकी तिची वळण्याची ताकद वाढते. वास आला तर घाबरू नका, त्यातले सूक्ष्मजीव काम करत असतात. सोबत आकसण्याची एक पट्टी, शोषणाचा एक तुकडा आणि त्या वर्षीचा वाकलेला कोन एका डबीत ठेवा. पिंपावर चिठ्ठी लावा: कुठला थर, कुठल्या महिन्यात काढली, किती नंबरच्या चाळणीतून गाळली, किती टक्के आकसते. अशीच दुसरी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीच्या वर, झाकणाच्या आत ठेवा. बाहेरची चिठ्ठी दोन पावसाळ्यांत पुसली जाते.